नव्या पॅडले घाम येते

...नाई, तुमीच सांगा, मानसानं इस्वास ठेवाचा त कोनावर ठेवाचा? गाडीतून आवाज येऊन राह्यला चर्रर्र... चर्रर्र... अन् जो तो मले सांगून राह्यला, "जानरावभाऊ, ब्रेक पाहून घ्या." जो तो! पानठेल्यावाला सांगते, पोस्टमन सांगते, समोरच्या घरची म्हातारी, जिले सोताच्या नातवाची हाक आयकू येत नाई, ते बी ओट्यावरून वरडते, "जान्या, तुह्या गाडीचं काई खरं नाई रे!" आता मले सांगा, याइले काय पडलं माह्या गाडीचं? एवढी मानसं एकाच वक्ती एकच गोष्ट सांगून राह्यली म्हनल्यावर कोनालेबी वाटीन का नाई? मले तवाच डाउट आला. म्हनलं, जानराव, साऱ्या गावाचं अन् मेकॅनिकचं कमिशन ठरेल दिसते!

हसू नका. तुमाले वाटीन, जानराव संशयी हाय. मी संशयी नाई, मी सावध हाय. फरक हाय त्याच्यात. मेडशीले चार एकरात सोयाबीन-तूर करतो, अन् एक पांढरी चारचाकी हाय आपल्यापाशी. लोक सेकंडहँड म्हनतात, पन बराबर मोजलं त मी चौथा मालक. घ्याच्या वक्ती म्या इचारलं होतं, पहिल्या तिघायनं काहून इकली? इकनारा म्हने, पहिल्याची बदली झाली, दुसऱ्याले मोठी गाडी घ्याची होती, अन् तिसऱ्याचं नाव काढलं का तो मले चहा इचारे. तीन चहा पाजले त्यानं! मले तवाच डाउट आला होता. पन सस्ती होती न बाप्पा! सस्त्या गोष्टीवर मानूस डाउटबी घेते अन् ते गोष्टबी घेते.

तर तुमाले सांगतो, त्या चर्रर्रचं म्या काई मनावर घेतलं नसतं. रेडिओ मोठा केला का आवाज बंद, आपला इलाज तयार होता. पन मंधात आली माही पोरगी. वर्षाराणी, एकुलती एक, अकोल्याले देली, अन् तिले लागला सातवा महिना. पहिलं बाळंतपन माहेरी, अन् पोरीले आनाले बापानंच जाचं, हे आमच्या घरचं ठरेल हाय. माह्या आईले तिच्या बापानं बैलाची दमनी जुपून आनलं. माह्या बायकोले, गंगूले, माह्या सासऱ्यानं कोनाचा तरी मेटॅडोर मांगून आनलं, त्याच्यात मांगं दोन शेळ्या होत्या, पन आनलं. अन् मी त चारचाकीचा मालक! गुरुवार ठरला. तसा म्या दारात गाडी लावता लावता पोरीले फोन लावला, "तयारी ठेव माय, गुरुवारी येतो."

ते म्हनते, "बाबा, हा चर्रर्र कायचा आवाज येऊन राह्यला? पिठाची गिरनी सुरू केली का?"

म्या म्हनलं, "नाई व, गाडी उभी करून राह्यलो."

मंग म्हनते, "बाबा, ब्रेक केल्याबिगर अकोल्याले येऊ नका. मंधात पातूरचा घाट हाय अन् मी एकटी नाई आता." अन् लगेच जवायानं फोन घेतला, नरेंद्रनं. "मामाजी, तुमी कायले त्रास घेता? मीच आनून सोडतो न माह्या गाडीत." इतका गोड बोल्ला, इतका गोड... मले तवाच डाउट आला. त्रास? कायचा त्रास? म्हंजे उद्या साऱ्या सोयऱ्यात सांगाले मोकळे, का बापाच्यानं पोरगी आननंबी झालं नाई! पन खरं सांगू तुमाले? पोरगी बराबर बोल्ली होती. मी एकट्यानं घाटात जाचं, काई झालं त झालं. पन पोटात लेकरू असलेल्या पोरीले मी अशा गाडीत कसा बसवू? म्हनलं, जानराव, आता ब्रेक कराचे. कराचे म्हंजे कराचे. पन फसाचं नाई!

गेलो फाट्यावर, संघपालच्या गॅरेजात. संघपाल म्हंजे आमच्या अठचा मेकॅनिक, हात काळे, बोलनं कमी. मले कमी बोलनाऱ्या मानसाचा आधीच डाउट येते, काई तरी लपवल्याबिगर मानूस चूप कसा राहीन? त्यानं चाक खोललं, बोट फिरवलं, अन् म्हने, "भाऊ, पॅड संपले. लोखंडावर लोखंड घासून राह्यलं. डिस्कवर पाहा कशा रेघा पडल्या, नांगरल्यावानी. दोन्हीबी बदलाव लागते."

म्या म्हनलं, "दोन्ही? पॅड गेले त पॅड बदल न. डिस्कनं काय केलं तुह्यं?"

म्हने, "नवे पॅड ह्या डिस्कवर बसवले त महिन्याभरात त्याइचंबी तेच."

"मंग लेथवर घासून आन."

"घासाले जाडी त पायजे, भाऊ. बाकी काई उरलंच नाई." अन् मंग तो काय म्हनला मालूम? म्हने, "सामान तुमीच आना वाशीमहून, तुमच्या पसंतीचं. मी फक्त बसवाची मजुरी घेईन."

आं? मेकॅनिक असून सामानात कमिशन नको म्हनते? उभ्या जल्मात आयकलं का तुमी असं? मले तवाच डाउट आला. आतापर्यंत म्या कमिशन खानारे मेकॅनिक पाह्यले, त्याइचा हिसाब तरी समजते. हा न खानारा, याचा हिसाब कसा लावाचा?

बरं. घरी आलो, गंगूले सांगतलं. गंगूनं डब्यातून पाच हजार काढले, मोजून माह्या हातावर ठेवले अन् वरतून माही मूठ बंद केली. "याच्यावर एक रुपया नाई मिळनार. पोरीचं बाळंतपन पुढं हाय. अन् हे पाहा, सस्त्याच्या नादात कचरा आनू नका." आता सांगा, पाच हजारात कचरा आनाचा नाई अन् पाच हजाराच्या वर जाचं नाई, मंग कोनत्या बाजारात जाचं?

म्हनलं, आधी अभ्यास कराचा. मोबाइलवर व्हिडीओ पाह्यले. एक दाढीवाला म्हनते, सिरॅमिकचेच पॅड घ्या. सिरॅमिक म्हंजे कपबशी कायची बनते तेच न? कपबशीनं गाडी थांबते का? आमच्या घरच्या कपाले त नुस्ता चमचा लागला का कान तुटते! दुसरा टकल्या म्हनते, सिरॅमिक घेऊ नका, धातूचे घ्या. तिसरा म्हनते, पहिल्या दोघाइचं आयकू नका, अन् खाली लिंक देली तठूनच घ्या. म्या मोबाइल उलटा करून ठेवला. तिघाइचाबी डाउट आला.

गेलो वाशीमले, एसटीनं. पुसद नाक्याकडे हरीओमशेठचं गाडीच्या सामानाचं दुकान. शेठ मानूस गोरागोमटा, कपाळाले टिळा, अन् बोलनं तोंडात खडीसाखर ठेवल्यावानी. गाडीचं नाव सांगतलं, मॉडेल सांगतलं, तर शेठनं काउंटरवर तीन डब्बे मांडले. "काका, तीन क्वालिटी आहेत. हा कंपनीचा, साडेसात हजार, पॅड-डिस्क पूर्ण. हा कंपनीसारखा, अठ्ठेचाळीसशे. अन् हा चालू माल, अडीच हजार."

आता पाहा गंमत. कंपनीचा साडेसात हजार, म्हंजे डब्ब्याचे पाच अन् मालाचे अडीच, हे लहान लेकरालेबी समजीन. चालू माल अडीच हजार, इतका सस्ता हाय म्हंजे काई तरी गोम हाय. मंग राह्यला मंधातला. तर तुमाले सांगतो, मले सगळ्यात जास्त डाउट त्या मंधातल्याचा आला! काहून मंधात ठेवला? जो मानूस महागात फसत नाई अन् सस्त्यात फसत नाई, त्या हुशार मानसाले फसवाले! म्हंजे तो डब्बा खास माह्यासाठी ठेवेल होता!

म्या म्हनलं, "शेठ, तुमी सोताच्या गाडीत कोनता टाकता?"

शेठ म्हने, "काका, माझ्याकडे स्कूटर आहे."

पाह्यलं? पाह्यलं कसा निसटला?

मंग डब्बे खोलाले लावले. म्या म्हनलं, "संघपालनं डिस्क सांगतली, अन् अठी डब्ब्यावर रोटर लिवलं हाय. मले दुसरंच काई देऊन राह्यले काय?" शेठ म्हने, "काका, एकच आहे. कोणी डिस्क म्हणतं, कोणी रोटर." एका वस्तूले दोन नावं! आमच्या गावात एक मानूस होता दोन नावाचा, दोन बँकांतून कर्ज उचललं अन् गायब झाला. म्या डिस्क हातात घेतली, उलटीपालटी केली, नखानं ठोकली, कानाले लावली. वजनदार होती. मंग पॅड घेतला. आता पॅड चांगला का वाईट हे पाहाचं कसं? माह्या डोक्यात एकच गोष्ट आली. आपन मोंढ्यात सोयाबीन नेतो, तठी व्यापारी काय करते? मूठभर दाने घेते, दोन दाने दाढेखाली टाकते, कटकन चावते अन् सांगते, ओलावा जास्त हाय, भाव कमी. बास! इतक्या वर्षापासून तो आपल्या मालाले चावून राह्यला, आज आपन त्याइच्या मालाले चावू! टाकला पॅडचा कोपरा दाढेखाली.

शेठ काउंटरवरून उडी मारून आला. "काका! काका! ते खायचं नाही!"

म्या म्हनलं, "शेठ, खाऊन नाई राह्यलो, पाहून राह्यलो." दाढ ठनकली, पन पॅडले काई झालं नाई. म्हनलं, माल कडक हाय. बाजूचा एक गिऱ्हाइक हळूच आपल्या मोटरसायकलचं सामान घेऊन दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन उभा राह्यला. राहो. त्याले मंग समजीन.

मंधातलाच घेतला शेवटी. कंपनीसारखा. काहून म्हनान त पाच हजारात तोच बसे. अन् बिल करता करता शेठनं, म्या मांगतले नाई, तोंडातून शब्द काढला नाई, शंभर रुपये कमी केले! सोताहून! मले तवाच डाउट आला. न मांगता कोनी कमी करते काय? पन शंभर रुपये खिशात घातले. डाउटचे पैसे बी चालतात बाजारात.

आता असली गोष्ट आयका. डिस्क-पॅडची पिशवी मांडीवर घेऊन एसटीनं आलो फाट्यावर. संघपाल गॅरेजचं शटर ओढून राह्यला होता. म्हने, "भाऊ, मी तीन दिस आसेगावले चाल्लो, साळ्याचं लगन हाय. सामान अठी ठेवून जा, बुधवारी सकाळी बसवून देतो. गुरुवारी आरामात अकोल्याले जा."

सामान अठी ठेवून जा! आयकलं? तीन दिस! शटर बंद! आतमंदी माहं नवं सामान अन् त्याचं जुनं भंगार! तीन दिसात काय अदलाबदल होईन याचा काई नेम हाय? म्या म्हनलं, "नाई बा, मी घरी नेतो." तो म्हने, "न्या. पन डब्बा खोलू नका, वरचा कागद काढू नका." कागद काढू नका? काहून? कागदाखाली काय हाय असं? मले तवाच डाउट आला.

घरी आलो, पहिले कागद काढला.

काई नव्हतं. डिस्क होती. पन आता काढलाच होता त म्हनलं निशानी करून ठेवू, म्हंजे बुधवारी बदललं त ओळखू येईन. वर्षाची कॉलेजातली नखपालिश होती फडताळात, लाल, अर्धी वाळेल. चारी पॅडच्या पाठीवर अन् दोन्ही डिस्कच्या काठावर लाल ठिपके देले. पलंगाखाली ठेवलं. सकाळी काढून पाह्यलं, ठिपके हायत. दुपारी काढून पाह्यलं, हायत. गंगू म्हनते, "आवो, ते सामान हाय का कोंबडीचे अंडे? घडीघडी काय पाहून राह्यले?"

अन् दुसऱ्या दिशी सकाळी... डिस्कवर तपकिरी डाग! जंग! म्या कपाळाले हात मारला. म्हनलं, शेठ, फसवलं न शेवटी! जुना माल घासून नवा म्हनून देला! आता खरं म्हनजे हिवाळ्याचे दिस, सकाळचं दव पडून राह्यलेलं, अन् घडीघडी माहेच घामट हात लागेल. पन ते तवा सुचते काय? मले फक्त इतकंच दिसे, गुरुवार तोंडावर आला, पैसे संपत आले, अन् सामानाले जंग. अन् जंग लागला त शेतकरी मानूस काय करीन? तुमी काय कराल? वखराची लोखंडी पास पावसाळ्यानंतर खोलली का तिले तेल चोपडून ठेवतो का नाई? इळ्याले चोपडतो, कुऱ्हाडीले चोपडतो. माह्या बापानं चोपडलं, त्याच्या बापानं चोपडलं, आमच्या घरच्या लोखंडाले आजपर्यंत जंग नाई!

गंगू वावरात गेली होती. सैपाकघरातून गोड्या तेलाचा पुडा घेतला, अन् बाप्पा, दोन्ही डिस्कले असं चोपडलं, असं चोपडलं का तोंड पाहून घ्या! अन् मंग म्हनलं, पॅड काहून कोरडे ठेवाचे? ते बिचारे खरबरीत, कोरडेठाक. त्याइलेबी चोपडलं. पॅड तेल पेत गेले, पेत गेले, भाकर दूध पेते तसे. मले लय बरं वाटलं. दिसभर उन्हात ठेवले, वरून कोरडे दिसाले लागले. पुन्हा पलंगाखाली.

बुधवारी संघपाल आला लगनाहून. त्यानं डिस्क हातात घेतली, म्हने, "लय तेल हाय याले." म्हनलं, पकडला गेलो. पन तोच पुढं म्हनला, "नव्या डिस्कले कंपनीचं थोडं तेल असतेच जंगासाठी. स्प्रे मारून धुवाव लागते. स्प्रे दोनशे ऐंशीचा."

आता पाहा! कंपनीबी तेलच लावते! म्हंजे म्या काई चूक केली नव्हती! मंग ते पुसाचे दोनशे ऐंशी रुपये कायचे? मले तवाच डाउट आला. म्हनलं, हे हाय कमिशन! सामानात घेतलं नाई, ते असं काढून राह्यला! म्या म्हनलं, "स्प्रे नाई पायजे." संघपालनं सोताच्या बाटलीतलं पेट्रोल घेऊन दोन्ही डिस्क धुतल्या, साबनाच्या पान्यानं धुतल्या, फडक्यानं पुसल्या. फुकटात! मंग पॅड उचलले. बोटं चोळली. "भाऊ, हे चिकट काहून लागून राह्यले?"

आता त्याच वक्ती मी सांगतलं असतं, का बा, म्या तेल लावलं, त काय बिघडलं असतं? काई नाई. पन मी काय इचार केला? म्हनलं, सांगतलं त हा म्हनीन पॅड खराब झाले, अन् आपल्याजवळचे महागाचे गळ्यात मारीन. अन् थोडी लाजबी वाटली, खोटं कायले बोलू. म्या म्हनलं, "नवा माल हाय. नव्या पॅडले घाम येते."

संघपाल म्हने, "म्या त कधी पाह्यला नाई घाम."

म्या म्हनलं, "तू कंपनीचा पाह्यला अशीन. हा कंपनीसारखा हाय."

बसवले त्यानं. जुने पॅड, जुन्या डिस्क म्या मांगून घेतल्या, पिशवीत भरल्या. लाल ठिपके तपासले, बराबर. संघपाल म्हने, "एकदम जोरात पळवू नका. आधी हळूहळू दोन-चार किलोमीटर चालवा, ब्रेक मारून मारून पाहा, काई वाटलं त लगेच वापस आना." म्या म्हनलं, हो. निघालो. वावराच्या रस्त्यानं, मोकळा रस्ता, गाडी हळू. पहिला ब्रेक मारला, जरा ढिला वाटला, पन थांबली. आवाज? काई नाई! चर्रर्र बंद! म्हनलं वा रे जानराव. पुन्हा मारला, पुन्हा मारला. चार-पाचदा मारला. अन् मंग कोठून तरी वास आला. भज्याचा!

खरं सांगतो, भज्याचाच! असा खमंग, गरम तेलाचा. म्या काच खाली केली. म्हनलं, अठी वावरात कोन भजे तळून राह्यलं? कोनाकडे पाहुने आले का? नाक पुढं, मी मांगं, अशा तंद्रीत भाऊसिंगच्या खळ्याजवळचं वळन आलं. ब्रेक दाबला... गाडी चाल्लीच. अजून दाबला... चाल्लीच! पाय पार खालपर्यंत, मी सीटवरून अर्धा उभा, अन् गाडी आपली निवांत, घसरत घसरत... हँडब्रेक ओढला, स्टेरिंग फिरवलं, अन् समोर भाऊसिंगच्या सोयाबीनचं कुटार, भुशाचा घराएवढा ढीग... भस्सकन आत!

अंधार. तोंडात कुटार, कानात कुटार, शर्टात कुटार. गाडीले काई झालं नाई, मले काई झालं नाई. बाहेरून भाऊसिंगचा आवाज आला, शांत, इतका शांत, "जानरावभाऊ, ढोराइसाठी कुटार पायजे होतं त मांगून न्याचं होतं."

खळ्यावरचे सारे हसले, मीबी हसलो. पन तुमाले एक सांगतो. त्या कुटारात दार उघडत नव्हतं, तवा दोन मिनिटं मी तसाच बसेल होतो. बाजूच्या रिकाम्या सीटवर कुटार पडेल होतं. तठी उद्या माही वर्षा बसनार होती. अन् घाटात कुटाराचा ढीग नसते.

भाऊसिंगनं बैलं जुपून गाडी वढली अन् संघपालले बलावलं. संघपालनं चाक खोललं, पॅड काढला अन् नाकाजवळ नेला. मंग माह्या नाकाजवळ आनला. म्हने, "भाऊ, हा त कढईचा वास हाय." तवर गंगू वावरातून पळत आली होती. तिनं पॅड घेतला, वास घेतला, अन् माह्याकडे असं पाह्यलं... "आवो, म्हंजे तेलाचा पुडा तुमी संपवला? अन् मी काल त्या किरानावाल्याशी भांडून आली, का पुडा अर्धाच भरून देल्ला म्हनून!"

पाह्यलं? डाउट एकट्या जानरावलेच येत नाई.

म्या सारं सांगून टाकलं. संघपाल रागावला नाई, रागावला असता त बरं वाटलं असतं. फक्त म्हने, "डिस्क चांगल्या हायत, धुवून घेतो. पॅड फेकाव लागते, त्याइच्या पोटात गेलं ते तेल निंघत नाई." अन् म्या काय केलं मालूम? खिशातले उरलेले तीनशे, गंगूनं पदरातून सोडलेले आठशे, सारे त्याच्या हातावर ठेवले अन् म्हनलं, "बाबू, पॅड तूच आन. कोनतेबी आन. मी डब्बाबी पाहत नाई." त्यानं त्याच दिशी मालेगावहून आनले, आपल्या मोटरसायकलनं. अन् बसवाच्या वक्ती मले गॅरेजच्या बाहेरच्या बाकड्यावर बसवलं. "भाऊ, उठाचं नाई." चहा देला हातात. दोन्ही हातानं कप धरून बसलो, दवाखान्यात बसतात तसा. स्प्रेचा आवाज आला, फुस्स... फुस्स... म्या एक शब्द काढला नाई. तो सोता गाडी घेऊन गेला, फाट्यावरून चार चकरा मारल्या, अन् किल्ली माह्या हातात देल्ली.

गुरुवारी गंगूले घेऊन गेलो. घाटात गाडी बोट लावल्याबराबर थांबे, वाघासारखे ब्रेक! अकोल्याले पोचलो, जेवन झालं, पोरगी पिशवी घेऊन दारात आली. गाडीजवळ थांबली. "बाबा, आईनं फोनवर सारं सांगतलं."

गंगू आभाळाकडे पाहाले लागली.

वर्षानं मोबाइल काढला अन् माह्यासमोर, जवायासमोर, विहीनबाईसमोर, स्पीकर लावून संघपालले फोन! "काका, मी वर्षा बोलून राह्यली. खरं सांगा, बाबानं नव्या पॅडले हात लावला का?"

"नाई माय. बाकड्यावर बसवेल होतं."

"उठले होते का?"

"एकदा उठले होते. चहाचा कप ठेवाले. लगेच बसवलं."

फोन ठेवला. मंग म्हनते, "बाबा, हात पाहू." माहे दोन्ही पंजे नाकाजवळ नेऊन वास घेतला पोरीनं! साबनाचा वास आला तवा समाधान झालं. मी साऱ्या वाशीम जिल्ह्यात चोर हुडकत फिरलो, शेठ पाह्यला, मेकॅनिक पाह्यला, जवाई पाह्यला, अन् हिनं एका फोनात मलेच पकडलं! मले राग याले पायजे होता. पन छाती फुगली. म्हनलं, पोरगी माहीच हाय, याच्यात आपल्याले डाउट नाई.

पन ते तेवढ्यावर थांबली नाई. "बाबा, तुमी मांगं बसा आईजवळ. गाडी हे चालवतीन, उद्या एसटीनं वापस येतीन." बसलो मांगं. आपल्या गाडीत, आपल्या पैशाच्या ब्रेकवर, मांगच्या सीटवर! जवाई चालवते बरं, पन त्याचा पाय ब्रेकवर जरा उशिराच जाते. मले डाउट आला. म्हनून पुढच्या सीटवरच्या पोरीसमोर ट्रक दिसला का माहा पाय खाली दाबला जाय. वळन आलं, दाबला. बैलगाडी आली, दाबला. गंगू कुजबुजते, "आवो, चढ हाय, चढ!" चढ असो का उतार, म्या पाय उचलला नाई.

मेडशी आली. गाडी दारात अशी अलगद थांबली, का पोरीच्या हातातल्या बाटलीतलं पानी हाललं नाई. समोरची म्हातारी ओट्यावरून म्हनली, "जान्या, आज आवाज नाई आला रे." जवाई मांगं वळून म्हनते, "मामाजी, ब्रेक काय मस्त लागतात हो!"

म्या खाली पाह्यलं. विहीनबाईनं देल्लेली लाडवाची पिशवी माह्या पायाखाली होती. दोन किलो लाडू, सारा भुगा. आता जवायाले काय सांगाचं? पाच हजार गेले, वरचे आठशे गेले, तेलाचा पुडा गेला, लाडू गेले... अन् शेवटी अकोल्यापासून मेडशीपर्यंत ब्रेक लावत आलो त मीच!